ग्रँट आली, तरी उंदराला हात लावायचा कधी?

तुझे प्रश्न दोन. पुण्यात पीएचडी झाली, अमेरिकेत पोस्टडॉक ठरली, तिथल्या सरांना एनआयएचची (अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेची) पाच वर्षांची ग्रँट मिळालीय आणि प्रपोजलमध्ये उंदरांवरचे प्रयोग लिहिलेलेच आहेत, तर पोचल्या पोचल्या काम सुरू करता येईल ना? आणि पाषाणच्या लॅबमध्ये मंजूर झालेल्या तुझ्या फॉर्म बीचा, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या परवानगीच्या अर्जाचा, अमेरिकेत काही उपयोग?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. फॉर्म बीवरची मंजुरी त्या संस्थेच्या आयएईसीने (प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या भारतातल्या समितीने) त्या प्रकल्पापुरती दिलेली असते. अमेरिका राहू दे, पाषाणहून गणेशखिंडीतल्या संस्थेत गेलीस तरी ती चालणार नाही. मात्र गॅव्हाज (तोंडातून थेट पोटात औषध सोडणं), शेपटीतून रक्त घेणं, ट्यूमर सेल्स टोचणं यातलं काय काय तू स्वतः केलंस, याचं गाइडच्या सहीचं पत्र घेऊनच नीघ. ते इकडे ट्रेनिंगच्या वेळी उपयोगी पडतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर देते, कारण इथल्या एका अमेरिकन विद्यापीठाच्या ऑफिसात माझं रोजचं काम तेच आहे: ग्रँटमध्ये लिहिलेलं आणि प्राणी समितीने मंजूर केलेलं एकमेकांशी जुळतंय का ते बघणं. कार्यालयाचा ॲडव्हान्स भरला म्हणजे लग्न लागलं असं होत नाही, तसंच इथे आहे. पैसे एनआयएच देते, पण प्राण्यांवरच्या कामाची परवानगी विद्यापीठाची आयएसीयूसी, म्हणजे तिथली प्राणी समिती, देते. आणि ग्रँटमधलं काम मंजूर प्रोटोकॉलशी (समितीने मान्य केलेल्या प्रयोगांच्या लेखी आराखड्याशी) सुसंगत ठेवायची जबाबदारी एनआयएचने संस्थेवर टाकलीय.

आता तू म्हणशील, ग्रँट मिळाली म्हणजे मंजुरी असणारच. असते, पण कशाची? प्रपोजलला चांगला स्कोअर पडून पैसे मिळायची चिन्हं दिसली की एनआयएच विद्यापीठाकडे आयएसीयूसीच्या मंजुरीची तारीख मागते. ती तीन वर्षांच्या आतली लागते. तारखेसोबत आम्ही कळवतो की हे काम या प्रोटोकॉलमध्ये बसतं, आणि समितीने काही बदल करायला लावले असतील तर तेही कळवावे लागतात. खरं पाणी मुरतं ते 'बसतं' या शब्दात.

काल्पनिक उदाहरण घे. ग्रँटमध्ये लिहिलंय: सी५७ब्लॅक६ या जातीच्या उंदरांच्या माद्या, स्तनाच्या ट्यूमरच्या सेल्स टोचायच्या, औषध तोंडावाटे चार आठवडे, दर आठवड्याला शेपटीतून रक्त. प्रोटोकॉल काढला तर माद्या त्याच, ट्यूमर तोच, पण औषध पोटात इंजेक्शनने आणि रक्त फक्त शेवटी, भूल दिल्यावर. शास्त्राच्या नजरेने हा किरकोळ फरक. माझ्या नजरेने दोन गोष्टी मंजूरच नाहीत: गॅव्हाज आणि दर आठवड्याचं रक्त. सरांना मेल जातो, ते अमेंडमेंट (प्रोटोकॉलमधल्या बदलाचा अर्ज) टाकतात, समिती ती बघते. तोवर गॅव्हाजची सुई हातात घ्यायची नाही. मंजुरी नसलेल्या प्राणीकामाचा खर्च ग्रँटवर टाकता येत नाही आणि प्रकरण गंभीर असेल तर ते वर ओलॉला, म्हणजे प्रयोगातल्या प्राण्यांवर देखरेख करणाऱ्या एनआयएचच्या कार्यालयाला, कळवावं लागतं.

जुळणी एकाच बाजूने बघायची असते, हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. ग्रँटमधलं प्रत्येक प्राणीकाम कुठल्या ना कुठल्या मंजूर प्रोटोकॉलमध्ये असलं पाहिजे. प्रोटोकॉलमध्ये त्याहून जास्त असलं तर चालतं. शीर्षकं वेगळी असू देत. एका ग्रँटला तीन प्रोटोकॉल असू देत, किंवा एका प्रोटोकॉलवर दोन ग्रँट. उंदरांच्या संख्येवरूनही उगाच घाबरू नकोस. 2016 पासून एनआयएचच्या अर्जातल्या प्राण्यांच्या विभागात संख्येचं समर्थन मागत नाहीत, ते समिती तपासते. प्रजाती, प्रक्रिया, भूल आणि वेदनाशामक, प्राणी कुठल्या टप्प्यावर मारायचा, काम कुठल्या संस्थेत होणार, यावर मी डोळ्यात तेल घालून बसते.

तुझ्या बाबतीत मला खरी शंका वेगळीच आहे. ग्रँट पाच वर्षांची, पण प्रोटोकॉलची दर तीन वर्षांनी पहिल्यापासून नव्याने तपासणी होते. तुझं काम ग्रँटच्या तिसऱ्या उद्दिष्टात असेल, तर ते अजून कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये नसण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून तिकीट काढायच्या आधी सरांना सरळ विचार: माझं काम कुठल्या प्रोटोकॉलमध्ये आहे, तो कधी संपतो, आणि माझं नाव त्यात कधी घालणार? भिडेखातर गप्प बसू नकोस. इकडे असं विचारणं आगाऊपणा समजत नाहीत.

नाव घालणं ही सहसा छोटी अमेंडमेंट असते, पण त्याआधी ऑनलाइन ट्रेनिंग आणि ॲलर्जी-धनुर्वाताची वैद्यकीय प्रश्नावली पूर्ण लागते. काही विद्यापीठं रुजू होण्याआधीच लॉगिन देतात. मिळालं तर व्हिसाची वाट बघता बघता पुण्यात बसूनच ट्रेनिंग उरकून टाक. पहिल्या आठवड्यात तुला बँक, घर आणि सोशल सिक्युरिटी नंबर यांतून डोकं वर काढता येणार नाही.

राहता राहिला तुझ्या मेलच्या शेवटी हळूच घुसवलेला बेत, की थोडे प्रयोग पुण्याच्या जुन्या लॅबकडून करून घ्यायचे. ऐकायला स्वस्त आणि सोयीचं वाटतं, पण तसं नाही. एनआयएचच्या पैशातून तिकडे प्राणीकाम होणार असेल, तर त्या संस्थेकडे परदेशी संस्थांसाठीचं ओलॉचं ॲश्युरन्स (प्राण्यांबाबतचे नियम पाळण्याची लेखी हमी) लागतं, तिथल्या आयएईसीची मंजुरी लागते, आणि मूळ ग्रँट अमेरिकन विद्यापीठाची असल्यामुळे इथल्या समितीलाही ते काम मान्य असावं लागतं. शिवाय चालू ग्रँटला परदेशातला भाग नव्याने जोडायला पूर्वी एनआयएचची आगाऊ परवानगी लागायची; 2025 मध्ये एनआयएचने अशा विनंत्या घेणंच थांबवलं. पहिल्या वर्षी हा विषय सरांपुढे काढूच नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या तीन प्रश्नांची उत्तरं आली की मला पाठव. प्रोटोकॉल गोपनीय असेल तर तो नको, नुसती उत्तरं पुरेत.