टाकी धुण्याआधी इनलेटच्या पाइपाचं तोंड बघा

तळमजल्याच्या थेट नळाला (टाकीत न जाता सरळ म्युनिसिपालटीच्या लाइनवर असलेल्या) सकाळी पहिली दहा मिनिटं गढूळ, वास मारणारं पाणी येतं, मग साफ येतं, आणि कमिटी म्हणते टाकी धुऊन घेऊ, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही दीड वर्ष यातच काढलं. मी प्लंबर नाही, सहा वर्षं सोसायटीच्या कमिटीत होतो एवढाच माझा अधिकार. तुमचं कारण वेगळंही निघू शकेल.

थेट नळालाच घाण येतेय म्हणजे ती टाकीच्या आधी, लाइनमध्येच आहे. टाकी धुऊन ती जाणार नाही. पण आपली टाकी लाइन घाण करत असेल, तर?

आमचं तेच झालं. पहाटे पाणी पडण्याचा आवाज होतो म्हणून तळमजल्यावरच्या एका आजोबांची तक्रार होती. प्लंबरने बॉल कॉकच्या (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाच्या) तोंडाला चार फुटांचा पीव्हीसी तुकडा लावून तो पार जमिनीखालच्या टाकीच्या तळाशी नेला. आवाज बंद, सगळे खूश. मीच सही केली होती. त्यानंतर पाणी गेलं की दुपारपर्यंत टाकी दीड-दोन फूट आपोआप उतरायची. आम्हाला वाटलं गळती. वॉटरप्रूफिंगवर 40 हजार घातले, पाणी उतरतच राहिलं.

ते पाणी जमिनीत मुरत नव्हतं, उलटं लाइनमध्ये जात होतं. सप्लाय बंद झाला की उतारावरच्या वस्तीतले नळ उघडेच असतात, कोणी टिल्लू पंप (छोटी मोटर) थेट नळाला लावून ओढतं, आणि लाइनमध्ये पोकळी तयार होते. पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं, टाकी अर्धवट म्हणून बॉल कॉक उघडा; गाडीतून नळीने पेट्रोल काढतात तसा सायफन बसायचा. त्याच टाकीत आम्ही बोअरचं आणि टँकरचं पाणीही घ्यायचो. खालच्या घरांतली लहान मुलं त्या पावसाळ्यात जुलाबाने हैराण होती. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयाबद्दल, नाव घेत नाही. तीन अर्ज दिले. दरवेळी माणूस यायचा सकाळी साडेआठला, भर प्रेशरमध्ये नमुना घ्यायचा आणि 'पाणी पिण्यास योग्य' असा कागद द्यायचा. पहिल्या पाच मिनिटांचं पाणी घ्या म्हटलं की उत्तर एकच: "मीटरच्या आतलं तुमचं." अहो, आतलंच बाहेर जातंय, तेच तर सांगत होतो!

म्हणून नमुना स्वतः घ्या. चावीवाला व्हॉल्व्ह सोडतो त्या वेळी थेट नळापाशी उभे राहा, पहिली बाटली भरा, वीस मिनिटांनी दुसरी. दोन्हींची ओटी टेस्ट करा, म्हणजे औषधाचे थेंब टाकून बघा; क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. उरलेलं क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. पहिली बाटली पिवळी झालीच नाही आणि दुसरी झाली, तर फोटो काढून अर्जाला जोडा. आमचा चौथा अर्ज त्या फोटोमुळेच हलला.

उपाय अगदी साधा होता. तो तुकडा कापला. पाइपाचं तोंड आणि टाकी भरून वाहू लागते ती पातळी यांत पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, निदान एक इंच, मोकळी हवा ठेवली. नुसत्या एनआरव्हीवर (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या एकदिशा व्हॉल्व्हवर) विसंबू नका असं माझं ठाम मत आहे. त्यात वाळूचा एक कण अडकला की तो उघडाच राहतो. मोकळ्या हवेत अडकायला काही नसतं. बोअरची लाइन म्युनिसिपालटीच्या लाइनला कुठेही जोडलेली नको, मध्ये व्हॉल्व्ह असला तरी. 1933 मध्ये शिकागोत हॉटेलांच्या अशाच चुकीच्या जोडण्यांमुळे अमिबाची हगवण पसरली आणि 98 माणसं गेली.

बागेची नळी बादलीत बुडवून ठेवायची सवयही मोडा, औषध फवारणीच्या दिवशी तर नक्कीच; बादलीतलंही असंच उलटं ओढलं जातं.

आवाजाचं म्हणाल तर आजोबांच्या खोलीखालचं टाकीचं झाकण बदललं, खाली रबराची पट्टी लावली. तेवढ्यानेही आवाज बराच कमी झाला.