वाचकांचे प्रश्न : थंड इंजिन सुरू होऊन लगेच बंद का पडते?

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी, फ्युएल इंजेक्शनची छोटी गाडी २००५ सालची आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ती पहिल्याच स्टार्टरला सुरू होते, पण पाच-दहा सेकंदांत थरथरून बंद पडते. ॲक्सिलरेटर हलका दाबून धरला तर चालू राहते आणि एकदा गरम झाली की दिवसभर त्रास देत नाही. बॅटरी नवी आहे, स्पार्क प्लगही बदलले, तरी फरक पडला नाही. आता गॅरेजमध्ये फ्युएल पंप बदलायला सांगितले आहे. तो खर्च करावा का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : इतक्यात करू नये. गाडी पहिल्याच स्टार्टरला सुरू होते, त्याअर्थी बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत. रात्रभरात पेट्रोलचा दाब उतरत असता तर सुरू व्हायलाच वेळ लागला असता, आणि पंप दुबळा असता तर गरम इंजिनातही चढावर ओढ कमी पडल्याचे जाणवले असते. ॲक्सिलरेटर किंचित दाबताच इंजिन तग धरते, ही आपण दिलेली खूण सर्वांत मोलाची आहे. कारण त्या वेळी आपण पायाने इंजिनाला जी जास्तीची हवा देता, ती देण्याचे काम एरवी आयडल कंट्रोल व्हॉल्व्हचे, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहण्यापुरती हवा सोडणाऱ्या झडपेचे असते.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यातले बरेचसे इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या) गार भिंतींना चिकटून राहते, आणि ऑइल घट्ट असल्यामुळे इंजिन फिरायलाही जड जाते. म्हणून ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) सुरुवातीला पेट्रोल जास्त सोडतो आणि या व्हॉल्व्हमधून हवाही जास्त घेतो. त्यामुळे इंजिनाची गती साधारण १२०० ते १५०० आरपीएमवर राहते आणि इंजिन तापत जाईल तशी ८०० च्या आसपास उतरते. आपल्या गाडीत सकाळी ही वाढीव गती मुळीच येत नसेल, तर थ्रॉटल बॉडीत (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप असलेल्या भागात) आणि व्हॉल्व्हच्या मार्गात काजळी साचली असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. थ्रॉटल बॉडी क्लीनरने दोन्ही स्वच्छ करून घ्यावे; टोकदार वस्तूने खरवडू नये.

एवढ्याने भागले नाही, तर कूलंट टेंपरेचर सेन्सर तपासावा. तो बिघडून 'इंजिन गरम आहे' असे ईसीयूला कळवत राहिला, तर थंडीत लागणारे जास्तीचे पेट्रोल मिळतच नाही. पुष्कळ गाड्यांत या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. मल्टिमीटर असलेला कोणताही कारागीर तो मोजू शकतो, मात्र नेमके आकडे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले धरावेत.

तिसरी शंका व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांची. वीस वर्षांच्या रबराला चिरा पडतात आणि तिथून न मोजलेली हवा आत जाते. धूर बाहेर नेणाऱ्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्यावरच ईसीयू त्याच्या आधारे हवा-पेट्रोलचे मिश्रण दुरुस्त करू लागतो. त्यामुळे अशी गळती पहिल्या काही मिनिटांत जाणवते आणि नंतर झाकली जाते. 'गरम झाल्यावर ठीक चालते' म्हणजे दोष किरकोळ आहे, असे समजू नये, ते याचसाठी.

सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही यात थोडा वाटा आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि जुन्या गाडीत त्याने मिश्रण थोडे विरळ होते. एवढ्यावरून धडधाकट गाडी बंद पडू नये. पण मुळातला दोष थंडीत उघडा पडतो. सीएनजी किट असेल, तर टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल आणि न वापरल्याने चोंदलेले इंजेक्टर हेही पाहावेत.

दुरुस्ती होईपर्यंत बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गती स्थिर होण्याआधी रस्त्यावरही येऊ नये, कारण इंजिन बंद पडले की दोन-तीन वेळा पाय दिल्यावर ब्रेक अतिशय जड होतो.

प्रश्न : माझ्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढला की इंजिन सुरू होते आणि चोक आत ढकलताच बंद पडते. चोक बदलावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चोक बदलण्याची गरज दिसत नाही. तो एकदम आत न ढकलता, इंजिन तापेल तसा दोन-तीन टप्प्यांत ढकलून पाहावा. पूर्ण गरम झाल्यावरही चोकशिवाय आयडलिंग टिकत नसेल, तर कार्बोरेटरचा आयडल जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची तोटी) चोंदला आहे किंवा कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे. जेट हवेच्या दाबाने साफ करून घ्यावा, त्याच्या छिद्रात तार घालू देऊ नये, आणि आयडलचा स्क्रू या दोन्ही गोष्टी तपासून झाल्यावरच फिरवावा.