मधली सुट्टी आता कोण देणार?

प्रिय मावशी,
मी अठरा वर्षांची आहे, बार्शीजवळच्या एका गावात राहते. यंदा बारावी सायन्स झाले. बोर्डाला ७४ टक्के, सीईटीला ८१ परसेंटाइल. वाईट नाहीत, पण सांगत सुटावं असेही नाहीत. आमचा चौघींचा ग्रुप होता. एक नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) रिपीट करायला लातूरला गेली, एक पुण्याला, तिसरीला स्थळं बघतायत. मी घरी कॅप राउंडची, म्हणजे ॲडमिशनच्या फेरीची, वाट बघत बसलेय. अकराला उठते, रील बघते, जेवते, परत रील. पप्पा म्हणतात, 'आता चार वर्षं कष्ट कर, मग आयुष्यभर सुखच आहे.' दहावीनंतरही हेच म्हणाले होते, फक्त तेव्हा दोन वर्षं होती. परवा भावाच्या जोकवर जोरात हसले, तर आजी म्हणाली, 'ॲडमिशनचा पत्ता नाही आणि हसतीय बघा.' मम्मी रोज 'सदैव आनंदी राहा'चे मेसेज फॉरवर्ड करते. आनंदी राहायचं म्हणजे नक्की करायचं काय?
– मूड ऑफ, बार्शी

अगं मूड ऑफ,

तुझा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. बरोबर विचारलंस. 'भाकरी कर' म्हटलं की पीठ कुठंय, परात कुठंय हे शोधता येतं. 'आनंदी राहा' म्हटलं की माणूस सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. आईला हे सांगू नकोस, ती मेसेज मायेनंच पाठवतेय.

आधी एक सांग. बारावी संपली तेव्हा तुझं नेमकं काय काय संपलं? अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा फुकट पास संपला. त्याबरोबर सकाळची ती गाडी गेली, खिडकीची जागा धरायला टाकलेली दप्तरं गेली. मधल्या सुट्टीत चार डबे एकत्र उघडायचे, तुझी शेंगाचटणी तिघींनी संपवायची आणि तू दुसरीच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खायची, ते गेलं. (डब्यात काय होतं ते मी अंदाजानं लिहितेय, पण बार्शीकडची आहेस म्हणजे शेंगाचटणी असणारच.) सरांची नक्कल, पीटीचा तास, स्टँडवरची पाच मिनिटं, सगळं गेलं. यातलं काहीच तू मुद्दाम केलेलं नव्हतंस. आनंद मिळावा म्हणून कुणी एसटीत चढत नाही. घंटा व्हायची आणि तो आपोआप वाट्याला यायचा. बारा वर्षं वेळापत्रकानं तुला रोज अर्धा तास हसायला दिला आणि एका दुपारी शेवटच्या पेपरनंतर ते वेळापत्रकच बंद झालं. तुला वाटतंय मार्क कमी पडले म्हणून मूड गेलाय. मला वाटतं तुझी मधली सुट्टी गेलीय.

आता पप्पांचं गणित. आधी कष्ट, मग सुख. शेतात ते खरं ठरतं, पेरल्याशिवाय उगवत नाही. पण सुखाची तारीख सारखी पुढे ढकलली जातेय हे तू स्वतःच पकडलं आहेस. पुढे नोकरी, मग लग्न, मग घराचं कर्ज. एकदा चहाच्या वेळी पप्पांनाच विचार की तुम्ही कधी सुखी व्हायचं ठरवलंय? उलट बोलल्यासारखं नको, सहज विचार. बहुतेक ते म्हणतील, 'तुझी ॲडमिशन झाली की.' बघ म्हणजे.

शिवाय मोठं काहीतरी मिळालं की माणूस कायमचा सुखी होतो, हेही तितकंसं खरं नाही. अमेरिकेत १९७८ साली संशोधकांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठून प्रश्न विचारले. अभ्यास छोटाच, पण गाजलेला. हे लोक शेजारपाजारच्यांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद ऐकणं, असल्या रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. माझ्या दहावीच्या निकालाला वडिलांनी अर्धा किलो पेढे आणले होते. दुपारी मी हवेत होते. रात्री बहिणीशी पांघरुणावरून भांडत होते. पेढे दुसऱ्या दिवशी संपले. त्या सुट्टीतलं मला आज आठवतं ते म्हणजे रोज संध्याकाळी आत्याबरोबर विहिरीवर जाणं आणि येताना तिनं गावातल्या प्रत्येकाची केलेली चेष्टा. तेव्हा ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की घंटा आता तू द्यायची. रोज, ठरलेल्या वेळी, ॲडमिशन होवो न होवो.

एकच गोष्ट निवड, आणि लहान निवड. रोज पाचला उठून योगा, डायरी, इंग्रजी पुस्तक असला बेत आखू नकोस, तो गुरुवारपर्यंत टिकतो. संध्याकाळचा चहा झाला की कप विसळायचा आणि चपला घालून बाहेर पडायचं, फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं. फोन घरी. वाटेत कुणी भेटलं तर थांबून बोलायचं. एवढंच. चहाला चिकटवायचं कारण असं, की चहा तू विसरणार नाहीस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला. जेवणाबरोबर एक फळ खाणं, जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं असल्या साध्या सवयी लोकांनी निवडल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे २१ दिवसांत आयुष्य बदलतं सांगणाऱ्या रीलवाल्यांकडे लक्ष देऊ नकोस. आत्ता आषाढ लागलाय. गणपती येईपर्यंत धीर धर.

त्याच अभ्यासातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तुमच्या घरी कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडत असतील ना? गवळी एक दिवस आला नाही तर आपण 'खाडा' लिहितो. त्यानं धंदा सोडला असं कुणी म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी पातेलं बाहेर ठेवतोच. तुझंही तसंच मांड. फाट्यापर्यंत गेलीस की त्या तारखेच्या चौकोनात बारीक टिंब. नाही गेलीस की खाडा. महिन्याअखेरीला हिशेब दुधाचा आणि तुझा एकदमच होईल.

आणि मैत्रिणी. लातूरवालीला 'कशी आहेस' असा मेसेज टाकू नकोस, 'ठीक' येतं आणि विषय संपतो. रविवारी ठरलेल्या वेळी फोन कर आणि तिच्या मेसच्या भाजीबद्दल विचार. मेसच्या भाजीवर माणूस वीस मिनिटं सहज बोलतो. जिला स्थळं बघतायत तिच्याकडे तर चालत जाता येत असेल, तर आधी तिथे जा. या दिवसांत तुला तिची जेवढी गरज आहे, त्याहून जास्त तिला तुझी असणार.

रील पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही, तू ऐकणार नाहीस आणि मी स्वतः रात्री मासे साफ करायचे व्हिडिओ बघते, शाकाहारी असून. फक्त झोपताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. अकराचं उठणं आपोआप आठवर येईल.

आजीचं मनावर घेऊ नकोस. तिच्या पिढीत पोरीबाळींनी मोठ्यानं हसणं हेच मुळात संकट होतं. पुढच्या वेळी तो जोक तिलाच सांग. हसणं म्हणजे ॲडमिशनची काळजी नसणं नव्हे. ऑप्शन फॉर्म भरताना कॉलेजांचा क्रम नीट लाव, मागच्या वर्षीचे कटऑफ बघ, पुण्याच्या नावासाठी नको असलेली शाखा वर टाकू नकोस. ती काळजी तिच्या वेळेला करायची.

एक मात्र गंभीरपणे विचारते. हे उदासपण दोन आठवड्यांहून जास्त रोजचं झालं असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, आवडायचं तेही नकोसं झालं असेल, तर फाट्यापर्यंतच्या फेरीनं भागणार नाही. मग मम्मीला स्पष्ट सांग आणि डॉक्टरांकडे जा. आणि जगू नये असं मनात आलं तर त्याच क्षणी घरच्या कुणाला तरी उठव. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, मराठीतून बोलतात. ताप आला तर गोळी घेतेस तशीच ही गोष्ट, लाजायचं काही नाही.

बाकी आज चहा झाला की निघ. पाऊस असेल तर छत्री घे. आणि पेन्सिल कालनिर्णयाला दोऱ्यानं बांधून ठेव, नाहीतर ती भाऊ पळवतो.

– तुझी मावशी