वाचकांचे प्रश्न : विनाचालक मोटारी आणि कोकणातले रस्ते

प्रश्न : गेली बावीस वर्षे मी मुंबई–गोवा मार्गावर प्रवासी मोटार चालवतो. अमेरिकेत चालकाशिवाय मोटारी धावतात असे वाचले. त्या कोकणात कधी येतील? मुलाने या धंद्यात पडावे की नाही? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मुलाला मनापासून आवड असेल, तर या मोटारींच्या धास्तीने त्याला अडवू नका.

२००४ मध्ये मोहावीच्या वाळवंटात सुमारे २४० किलोमीटरची विनाचालक शर्यत झाली, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडीही बारा किलोमीटरच्या आसपास अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि २०२० मध्ये फिनिक्स शहरात सामान्य प्रवाशांना विनाचालक टॅक्सी मिळू लागली. ही प्रगती खरी आहे. मात्र त्या टॅक्सी आधी बारकाईने नकाशे तयार केलेल्या ठरावीक हद्दीतच चालतात. फिनिक्समध्ये वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि रत्नागिरीत तीन हजारांहून अधिक. या गाड्यांवरचे लायडर हे यंत्र लेसरचे किरण सोडून ते परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजते. मुसळधार सरीत आणि घाटातल्या धुक्यात ते किरण थेंबांवरच विखुरतात. रडारला पावसाचा त्रास कमी होतो, पण त्याला दिसणारे चित्र ढोबळ असते. कॅमेऱ्यावर पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला तांबडा चिखल बसतो आणि ज्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गाडीने आपली बाजू ओळखायची, त्या पट्ट्याही त्याच चिखलाखाली गेलेल्या असतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. संगणक असता तर गाडी थांबली असती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. रस्त्यात उभी असलेली वस्तू यंत्राला ओळखता येते, कारण तिच्यावरून किरण परत येतात. रस्ताच नाहीसा झाला असेल, तर तिथून परत येण्यासारखे फारसे काही नसते. छपरावर बसवलेल्या यंत्राला पन्नास मीटरवरचा खड्डा अवघ्या दोन अंशांच्या कोनातून, म्हणजे एखाद्या रेघेसारखा दिसतो. म्हणून माझ्या मते कोकणात पहिला खर्च मोटारीच्या डोळ्यांवर न करता पुलांवर आणि दरडींच्या जागांवर करायला हवा. पूल हलला किंवा दरड सुटली, की ती सूचना त्या वाटेवरच्या प्रत्येक वाहनाला, मग ते माणूस चालवत असो वा संगणक, तत्काळ मिळाली पाहिजे.

गावाकडच्या अरुंद रस्त्यांची अडचण वेगळीच आहे. समोरून एसटी आली की आपण एक चाक साइडपट्टीवर उतरवता, तिचा चालक खिडकीबाहेर हात काढून "या" म्हणून खुणावतो आणि दोन्ही गाड्या वीतभर अंतराने निघून जातात. हे न बोललेले बोलणे यंत्राला शिकवणे अवघड आहे, आणि शिकवले तरी चूक झाल्यास जबाबदार कोण, हे आपल्या कायद्यात स्पष्ट नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा परवानाधारक चालक गृहीत धरूनच लिहिलेला आहे. त्यामुळे विनाचालक गाडी आधी बंदरासारख्या बंदिस्त आवारात दिसेल, नंतर कदाचित चौपदरी महामार्गाच्या काही टप्प्यांवर. कशेडीच्या जुन्या घाटरस्त्यावर ती आपल्या मुलाच्या उमेदीच्या वर्षांत येईल, असे मला वाटत नाही.

प्रश्न : नव्या गाडीत आपोआप ब्रेक लागण्याची आणि पट्ट्यांमध्ये गाडी ठेवण्याची सोय आहे. तिच्यावर विसंबावे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : ब्रेकची सोय चालू ठेवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात चाचणीच्या स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा जीव घेतला. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेला काहीतरी दिसले होते, परंतु ते नेमके काय आहे याचा तिचा अंदाज सारखा बदलत राहिला, आणि देखरेखीसाठी बसवलेल्या व्यक्तीचे लक्ष मोबाईलवर होते. पट्टे पुसट असलेल्या घाटात दुसरी सोय बंद केलेली बरी. पावसाळ्यात गाडी काढताना समोरच्या काचेवरची कॅमेऱ्यापुढची जागा आणि बंपरवरचा रडारचा भाग ओल्या फडक्याने पुसून घ्या.