तिसावा तास

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ट्रान्स्पोर्टेशनला एम.टेक. करायचं, पुढे पीएच.डी. आणि मग शिकवायचं, हा बेत मला मनापासून आवडला. घरचे म्हणतात, "रस्त्यात काय शिकायचंय?" त्यांना सांग की १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते आणि त्या समितीच्या शिफारशीतूनच १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली.

आता माझी एक चूक सांगते. वर्गात ती कधी सांगितली नाही.

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी रत्नागिरीजवळच्या हातखंबा तिठ्यावर चोवीस तासांची वाहनमोजणी घेतली. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी. पहाटे तीनला मला झोप लागली आणि जाग आली तेव्हा चार वाजले होते. मी आधीच्या आणि नंतरच्या तासाची सरासरी काढली आणि रिकामे रकाने भरून टाकले. तक्ता इतका नीटस दिसत होता की मलाच समाधान वाटलं. सरांनी तो पाहिला आणि विचारलं, "तीन ते चार चिपळूणकडून १९ ट्रक आले?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "त्या तासात निवळी घाटात झाड आडवं पडलं होतं. माझी एसटी त्यामागेच उभी होती."

चारनंतर ट्रकांची रीघ लागली होती, आणि ती का लागली हा प्रश्नसुद्धा मला पडला नव्हता. त्याचीच लाज जास्त वाटली. सर रागावले नाहीत. पुन्हा चोवीस तास बसायला लावलं, एवढंच.

म्हणून तुला सांगते, नोकरी लागल्यावरही स्वतः रस्त्यावर उभी राहा. आज कॅमेरे आहेत, सॉफ्टवेअर गाड्या मोजतं, ते जरूर वापर. पण आयआरसी-६४ मध्ये, म्हणजे रोड्स काँग्रेसच्या रस्त्यांच्या क्षमतेवरच्या पुस्तिकेत, एक गाडी किती कारच्या बरोबरीची धरायची ते कार १, ट्रक किंवा बस ३, दुचाकी ०.५ असं वाचशील, तेव्हा हे आकडे कुणीतरी धुळीत उभं राहून काढलेत हे ध्यानात ठेव. भरलेला ट्रक परशुराम घाट चढताना मागे किती गाड्या रखडतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की त्या ३ वर आपोआप शंका घेशील. तशी शंका घेता येऊ लागली की तुझं पीएच.डी. सुरू झालं असं समज.

विषय कुठून शोधू, असं विचारलंयस. दाराशीच एक पडलाय.

वर्षाचे ८७६० तास. वाहनसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावले की तिसावा तास आपण महामार्गाच्या आखणीसाठी धरतो. त्याहून गर्दीचे २९ तास सोसायचे, कारण तेवढ्यासाठी रस्ता रुंद करणं परवडत नाही. आता आपला मुंबई-गोवा महामार्ग घे. चतुर्थीच्या आधी दोन-तीन दिवस चाकरमान्यांच्या गाड्या येत राहतात, गौरी-गणपती पोचवले की तशाच परततात. ते तास तिसापेक्षा जास्त भरत असतील, तर आपला तिसावा तास सणातच येतो. शिवाय अशा वेळी जवळजवळ सगळी वाहतूक एकाच दिशेने असते. आणि वाहनगणनेच्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की जत्रा-प्रदर्शनासारख्या असाधारण परिस्थितीत गणना घेऊ नका, पुढे ढकला. बाकी मुलखात ते योग्यच आहे. पण जिथे अख्खं गाव वर्षभर त्या दिवसांची वाट बघतं, तिथे असाधारण कशाला म्हणायचं? मी यावर तीस वर्षं विचार केला, पण सलग मोजणी कधी जमली नाही. तू कर.

पगाराचंही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या एका खासगी कॉलेजात मला सात महिने पगार नव्हता. सल्लागार कंपन्यांत गेलेले माझे वर्गमित्र तेव्हा गाड्या घेत होते. पुढे सल्ल्याची कामं माझ्याकडेही आली, तशी तुझ्याकडेही येतील. एकदा टोलरस्त्याच्या अहवालात वाहनवाढीचा दर थोडा चढवून द्या, असा निरोप आला. मी सही केली नाही, आणि तिथलं काम परत आलं नाही. प्रयोगशाळेत तर हा मोह रोजचा आहे. सीबीआरचा, म्हणजे रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजणाऱ्या चाचणीचा, नमुना चार दिवस पाण्यात ठेवायचा असतो आणि सबमिशन उद्या असतं. आपल्या पावसात ते चार दिवस वगळून चालत नाही.

मुलांना दरवर्षी महाडला सावित्रीच्या पुलावर ने. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इंग्रजांच्या काळातला जुना पूल वाहून गेला आणि राजापूर-बोरिवली व जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. मी तिथे भाषण करत नाही. मुलं पाणी बघतात, पाण्याखालचे खांब कोण आणि कसे तपासतं ते विचारतात, मग आम्ही तिथेच बसून बोलतो.

चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री मी हातखंबा तिठ्यावर असेन. तू येतेस का? कोरे तक्ते आणि थर्मास मी आणते. छत्री नको, रेनकोट आण, दोन्ही हात मोकळे लागतात. पहाटे तीन ते चार तू बस, मी शेजारी जागी राहीन.

तुझी,
मॅडम