एकाच नोंदीचा रिपोर्ट कसा छापावा?

प्रश्न : मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर छपाईचे बटण ठेवले आहे. पण दाबले की समोरच्या ग्राहकाऐवजी सगळ्या ग्राहकांचे रिपोर्ट छापले जातात. शिवाय प्रत्येकाची वेगळी पीडीएफही हवी आहे.

उत्तर : बटणाच्या कोडमध्ये रिपोर्ट उघडणाऱ्या 'डूकमांड.ओपनरिपोर्ट' (DoCmd.OpenReport) या आज्ञेला अट दिलेली नसणार. अट चौथ्या जागी येते. तिसरी जागा फिल्टरच्या नावाची, ती रिकामी सोडून स्वल्पविराम मात्र द्यायचाच. अटीत ग्राहक क्रमांकाचे फील्ड, बरोबरचे चिन्ह आणि फॉर्मवरचा क्रमांक जोडा. क्रमांक मजकूर प्रकारचा असेल तर त्याभोवती एकेरी अवतरणचिन्हे हवीत, नाहीतर अ‍ॅक्सेस पॅरामीटर विचारत बसते किंवा प्रकार जुळत नसल्याची चूक दाखवते.

त्याआधी 'मी.डर्टी' (Me.Dirty, म्हणजे नोंदीत जतन न झालेला बदल आहे का ते) खरे असेल तर ते खोटे करा. रिपोर्ट टेबलातून वाचतो, त्यामुळे जतन न झालेला बदल कागदावर येत नाही. नवी, कोरी नोंद असेल तर क्रमांक नल (रिकामा) असतो आणि अट अर्धवट राहते. तेव्हा आधी तपासून थांबा.

पीडीएफसाठीच्या 'आउटपुटटू' (OutputTo, रिपोर्ट फाइलमध्ये काढणारी आज्ञा) यामध्ये अटीची सोयच नाही. म्हणून रेकॉर्डसेटच्या (ग्राहकांच्या नोंदींच्या संचाच्या) लूपमध्ये, म्हणजे एकेक ग्राहक घेत, रिपोर्ट अटीसह प्रिव्ह्यूमध्ये, पण लपवून उघडा, 'आउटपुटटू' चालवा आणि लगेच बंद करा. बंद करणे विसरलात तर पुढची अट लागू होत नाही, आणि पहिल्याच ग्राहकाची पीडीएफ वेगवेगळ्या नावांनी तयार होत राहते. ही चूक फाइल उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून दोन-तीन फाइली उघडून पाहाच.

सगळ्यांचे फक्त कागदच हवे असतील तर लूप नको. ग्राहक क्रमांकावर गट करा आणि गटाच्या हेडरला 'फोर्स न्यू पेज'मध्ये 'बिफोर सेक्शन' निवडा.