गाडी आठवडाभर दहेजला उभी असते, बॉनेटखाली गंज धरू लागलाय. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खंभातच्या आखाताकाठच्या दहेजला बदली झाल्यापासून गाडी सोमवार ते शुक्रवार कॉलनीत उघड्यावर असते, शनिवार-रविवार बडोद्यात घरी. आता बॅटरीच्या ट्रेला तांबूस पापुद्रे सुटलेत, बोल्टांची डोकी तपकिरी झालीत आणि अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) ब्रॅकेटवर पांढरी पूड आलीय. सर्व्हिस स्टेशनवाला म्हणतो, ‘काट (गंज) लागलाय, डिझेलमध्ये बळेलं (वापरून काळं झालेलं) ऑइल मिसळून फवारून देतो.’ मारू द्यावं का? की सिरॅमिक कोटिंग करून घ्यावं?

नका मारू देऊ. लोखंडावर आधीच मीठ बसलंय, त्यावर तेल मारलं की मीठ तेलाखाली दाबलं जातं आणि गंज आतल्या आत चालू राहतो. वर चिकट थरावर धूळ बसते, त्या धुळीतही मीठ असतंच. शिवाय कूलंटचे होज बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. खनिज तेलाने ते फुगतात, मऊ पडतात. गरम एक्झॉस्टशेजारी डिझेलचा थर ठेवणं हा तर निव्वळ वेडेपणा.

पाण्याने गंज चढतो, म्हणून बॉनेटखाली पाणी लावायचंच नाही, असं पुष्कळ लोक धरून चालतात. खाऱ्या हवेत हे उलटं पडतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. म्हणजे हाताला कोरडा लागणारा पत्रा प्रत्यक्षात ओलाच असतो. पावसाळ्यात बडोद्याची हवाही ७५ च्या वर असते, त्यामुळे दहेजहून आलेलं मीठ इथे पार्किंगमध्येही काम करत राहतं. तेव्हा आधी मीठ धुऊन काढायचं, गंज रोखणारं वॅक्स त्यानंतर.

धुवायचं ते बडोद्यातच. दहेजच्या बाजूला मिठागरं आहेत; तिथल्या बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटची धुलाई त्याने करू नका. आपल्याकडे नळाला आजवा तलावाचं किंवा मही नदीचं गोडं पाणी येतं, त्याचा फायदा घ्या.

शनिवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. शुक्रवारी रात्री घरी पोचल्या पोचल्या नको, गरम धातूवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका, रबरबँड लावा. कोरड्या ब्रशने सुटी धूळ काढा. ५ लिटर पाण्यात २०-३० मिली कार शाम्पू घाला आणि दोन इंची रंगाच्या ब्रशने कोपरे, बोल्ट, बॉनेटच्या कडा घासा. फेस वाळू देऊ नका. मग १०-१२ लिटर पाणी बागेतल्या झारीने ओता. होय, झारीनेच. प्रेशर वॉशरची धार कनेक्टरच्या सीलमधून पाणी आत ढकलते, आणि ते आत गेलेलं पाणी बाहेर यायला रस्ता नसतो. पुढून एसीच्या कंडेन्सरवरही झारीच धरा. जोरदार धारेने त्याच्या बारीक पात्या वाकतात. शेवटी पिशव्या काढा, ब्लोअरने खाचांतलं पाणी उडवा, बॉनेट उघडं ठेवून १० मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि गाडी दोन तास उन्हात राहू द्या.

एप्रिल ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आखातावरून येतो, तेव्हा हे पंधरा दिवसांनी. थंडीत महिन्यातून एकदा पुरे.

वायपरखालची जाळी विसरू नका. तिथे कडुलिंबाचा पाला साचतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि ओला चिखल थेट पत्र्याला लागून बसतो.

आता जो गंज आलाय त्याचं. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ट्रेवर ओता, फसफस थांबेपर्यंत. ट्रेचा गंज बऱ्याचदा नुसता खारा नसतो, त्यात बॅटरीतल्या ॲसिडचाही वाटा असतो. वायर ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०. इथे बहुतेक मेकॅनिक घाई करतात. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी मिठातलं क्लोराइड लपलेलं असतं. घासल्यावर गोड्या पाण्याने तीन वेळा भिजवून पुसा, पूर्ण वाळवा, तेव्हाच पुढचं काम. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात रंगाखाली फोड येतात आणि दोष रंगाला लागतो.

खड्ड्यांत जो गंज निघतच नाही, फक्त त्यावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. ते गंजाशी प्रक्रिया करतं, चकचकीत लोखंडावर त्याचा उपयोग नाही आणि ॲल्युमिनियमवर तर लावूच नका. २४ तासांनी एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग रंग.

अल्टरनेटरजवळची पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट यांच्यामध्ये खारं पाणी आलं की छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. तिथे स्टीलचा वायर ब्रश चालवू नका, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि मग तेच गंजतात. नायलॉनचा ब्रश घ्या.

साफ आणि कोरडं झाल्यावर वॅक्स. कॅव्हिटी वॅक्सचा (पोकळ भागांत मारायच्या वॅक्सचा) किंवा लॅनोलिनवाल्या (लोकरीच्या चरबीच्या) स्प्रेचा ५०० मिलीचा डबा लहान गाडीला एका वेळी पुरतो. साधा डब्ल्यूडी-४० बोल्ट सोडवायला आणि ओल घालवायला उत्तम, पण त्याचा थर पातळ असतो, खाऱ्या हवेत महिनोन्‌महिने टिकत नाही. पातळ दोन हात द्या, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. बॅटरी ट्रे, बॉनेटच्या बिजागऱ्या, लॉक, शॉकरच्या टोपणाभोवतीचे बोल्ट, रेडिएटरखालचा आडवा पत्रा. सगळ्यात आधी सडते ती बॉनेटची पुढची दुमडलेली कड, कारण ओल दोन पत्र्यांच्या मध्ये अडकते. तिथे आतल्या फ्रेमच्या भोकांतून नळी घालून प्रत्येक भोकात दोन-तीन सेकंद मारा, आणि नंतर खालची निचऱ्याची भोकं वॅक्सने बुजली नाहीत ना, ते काडी घालून बघा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो, बेल्ट, अल्टरनेटरच्या खिडक्या, कंडेन्सरच्या पात्या आणि रबरी होज यांच्यावर वॅक्स नको. होजला फक्त सिलिकॉन स्प्रे. मॅनिफोल्डवरच्या पत्र्याला तपकिरी रंग आला असेल तर येऊ द्या, उष्णतेने तो येतोच. बोल्टला वॅक्स लावायचं ते घट्ट केल्यानंतर, डोक्यावर. आटे वंगण लागून निसरडे झाले की तेवढ्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो आणि तुटतो.

हे वर्षातून दोनदा: मे महिन्याच्या मध्यावर आणि दसऱ्यानंतर.

अर्थिंगच्या पट्टीकडे कोणी बघत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी ती वायर. तिच्या बोल्टाखाली गंज आला की स्टार्टर ओढत चालतो, हेडलाइट मंद होतात, डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागतात, आणि मेकॅनिक आधी बॅटरी बदलतो, मग अल्टरनेटर. बोल्ट सोडून दोन्ही पृष्ठभाग १२० च्या पेपरने चमकवा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीच्या टर्मिनलनाही तेच. कनेक्टरसाठी मात्र डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) सिलिकॉन ग्रीस, तेही मोहरीएवढं, रबरी सीलवर.

ब्रेकच्या पाइपवर नुसता तपकिरी रंग असेल तर पुसून वॅक्स. नखाने खरवडल्यावर पापुद्रे निघाले किंवा खड्डे दिसले, तर पाइप बदला. त्याला रंग लावून झाकणं म्हणजे जिवाशी खेळ.

दहेजला उभी करताना बॉनेट ईशान्येकडे करा, म्हणजे पावसाळ्यातला वारा समोरच्या जाळीतून सरळ आत शिरणार नाही. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, त्याखाली घाम धरतो. क्वार्टर ते प्लांट दोन किलोमीटर असेल तर तेवढ्यात इंजिन कोमट होतं, ओल सुकत नाही. आठवड्यातून दोनदा सलग वीस मिनिटं तरी चालवा.

आणि शेवटी तुम्ही विचारलेलं सिरॅमिक कोटिंग: ते बाहेरच्या रंगासाठी आहे. बॉनेटखालच्या गंजासाठी त्यावर पैसे घालू नका.